अल्डरचा धूर

पाविलोस्तात पहाटे साडेपाचला
विल्निस धुरांड्याचं झाकण उघडायचा,
आधी खोकायचा, मग मासे बघायचा.
तारेवर उलटे टांगलेले चपटे मासे,
काकवीचा रंग चढलेले.
जन्मात सिगारेट ओढली नाही, असं सांगायचा
आणि ते खरंच होतं.
सेहेचाळिसाव्या वर्षी
बंदरापासून घरापर्यंतच्या वाटेवरचे तिन्ही बाक
त्याला बसून बसून पाठ झाले.

लिएपायाला रक्त तपासलं.
डॉक्टरीणबाईंनी अहवाल उलटा केला,
कोऱ्या बाजूवर पेनाने यकृत काढलं, जरा वाकडंच.
इथे पहारेकरी घडतात, म्हणाल्या,
आणि नेमणूक इकडे, फुप्फुसात.
जंतू आले की आपल्याच पांढऱ्या पेशी
विळे घेऊन धावतात,
जंतू संपले तरी हात थांबत नाहीत त्यांचे.
मग कुंपणच शेत खातं.
श्वास सोडल्यावर फुप्फुसाला मागे ओढणारा
तो लवचीक धागा
कापत सुटतात.

पहारेकरी लढत नाही.
नुसती एक आकडी पुढे करतो, चाव म्हणतो.
विळा चावला रे चावला
की उंदराच्या सापळ्यासारखा फटकन मिटतो,
विळ्याला पार दुसऱ्या टोकाला नेऊन चेपतो.
दोघंही कामातून जातात.
दोघांनाही आवरायचं पुन्हा यकृतानेच.

'माझ्याकडे नाहीत का ते?'
'घडतात की. घराबाहेर पडत नाहीत.'

चौदाव्या गुणसूत्रावरच्या लांबलचक मजकुरात
कधीतरी, याच थंड किनाऱ्यांच्या आसपास,
ध चा मा झाला.
आपल्या गोष्टीत निदान लिहिणारा हात तरी होता.
इथे हातच नाही, दोष कुणाला देणार.
एक अक्षर. त्याने घडी बिघडली,
एकाची आकडी शेजाऱ्याच्या फटीत गुंतली,
शेजाऱ्याची त्याच्या शेजाऱ्याच्या,
यकृताच्या पेशीत माळच्या माळ गच्च,
आणि फुप्फुसाच्या वेशीवर शुकशुकाट.
चुकूनमाकून पोचलेल्या चारदोघांची आकडी
धूर गंजवतो.
'अल्डरचा पण?' विल्निसने विचारलं.
बाईंनी पेनाला टोपण लावलं.
'धुराला काय, लाकूड कुठलं ते माहीत असतं?'

घरी स्काइद्रीतेने, त्याच्या आईने,
विणकाम खाली ठेवलं नाही.
'म्हणजे एक अक्षर माझ्याकडून?'
'एक तुझं, एक बाबांचं. दोन्हीकडून आलं तरच असं.'
बाबा अठ्ठ्याऐंशीच्या वादळात गेले,
छाती शेवटपर्यंत ठणठणीत.
तिने सुईवरचे टाके मोजले, परत मोजले.
मग म्हणाली, 'आणि बिरुता?'

बिरुता म्हणजे पहिली. अडीच महिन्यांची.
हळद लावल्यासारखी पिवळी होत गेली,
डोळ्यांचं पांढरंसुद्धा.
सासू म्हणाली होती, गरोदरपणी धुरावलेली वाम खाल्लीस,
तीच बाधली पोरीला.
त्यानंतर एकावन्न वर्षं
स्काइद्रीते वाम साफ करायची, टांगायची,
कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाला द्यायची.
स्वतःच्या ताटात कधी घेतली नाही,
आणि कुणी विचारलंही नाही का ते.

विल्निसला नक्की सांगता येईना.
त्या बाळाचं रक्त कुणी तपासलं नव्हतं.
'असू शकतं,' एवढंच म्हणाला, आणि दम खाल्ला.

आता झाकण औस्मा उघडते, धाकटी,
नाकावर जाड पट्टी बांधून.
तिच्या अहवालात एक अक्षर बरोबर, एक चुकलेलं.
विल्निस रस्त्यापलीकडच्या खिडकीत बसून विकतो,
आणि दुकान उघडण्याआधी बोट ओलं करून
वारा कुठून आहे ते बघतो.

ऑगस्टात कबरस्तानाच्या दिवशी
सगळं गाव फुलं घेऊन पाइनच्या झाडांखाली जमलं.
स्काइद्रीतेने छोट्या कबरीभोवतीच्या वाळूत
दाताळं फिरवलं, रेघा सरळ आल्या.
एक वाकडी आली म्हणून पुन्हा फिरवलं.
'वामीमुळे नाही गं झालं ते,' ती खाली बघून म्हणाली.
मग थोड्या वेळाने,
'नसेल झालं.'